एकात बसतंय की

टेलर: दाब, दाब, दाबत राहा! बोट काढू नकोस.

ड्रायव्हर: दाबतोय की! किती दाबू? नख पांढरं पडलं माझं.

टेलर: धरून ठेवायचं नाही रे, टकटक करायचं. माझ्या मुलीनं कागदावर स्वच्छ लिहिलंय. 'लॅपटॉप चालू करताच एफ बारा हे बटण सारखं दाबत राहावं.' सारखं! शिलाई मशीनची सुई चालते ना, तसं.

ड्रायव्हर: मी तीस वर्षं बस चालवली, मास्तर. मला हॉर्न धरून ठेवायची सवय. टकटक तुमच्या धंद्यात. थांब, थांब, काहीतरी आलं! ... गेलं.

टेलर: काय होतं?

ड्रायव्हर: इंग्रजीत होतं. वाचेपर्यंत पळालं.

टेलर: मग बंद कर, पुन्हा चालू कर. आणि या वेळी मी दाबतो. तू फक्त बघ आणि वाच.

ड्रायव्हर: तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं ना?

टेलर: माझं इंग्रजी कॉलर, कफ आणि पॉकेटपर्यंत. चल, चालू कर.

ड्रायव्हर: केला.

टेलर: ट-ट-ट-ट-ट... आलं का?

ड्रायव्हर: आलं! दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीत हार्ड डिस्क लिहिलंय. दुसरीत... यूएसबी.

टेलर: यूएसबी म्हणजे आपला पेन ड्राइव्ह. कागदावर आहे. खाली ये, एंटर मार.

ड्रायव्हर: मारला. काळं झालं सगळं.

टेलर: होऊ दे.

ड्रायव्हर: मेला वाटतं.

टेलर: अरे, तो मेलेलाच होता! दुकानदार काय म्हणाला तुला? अकरा वर्षांचा झालाय, भंगारात टाका. आता मेलेल्याचं आणखी काय वाईट होणार?

ड्रायव्हर: पूर्ण मेलेला नव्हता. सकाळी चालू केला की दुपारी उघडायचा.

टेलर: आणि संध्याकाळी गरम होऊन बंद पडायचा. तो बघ, जागा झाला. चक्र फिरतंय. काय तो रंग! आता कळलं, माझी मुलगी उगाच नाही सांगत. म्हणाली, 'बाबा, हे लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय, कुणाला पैसे द्यायचे नाहीत, आणि म्हाताऱ्या लॅपटॉपला ते झेपतं.'

ड्रायव्हर: फुकट आहे हेच माझ्या डोक्यात शिरत नाही. कुणीतरी बसून बनवलं असेल ना? त्याचं घर कसं चालतं?

टेलर: ते तिला विचार. मला सांगितलं होतं तिनं, पण डोक्यावरून गेलं. पुढचं बघ. कागदावर पाचवा मुद्दा. 'इन्स्टॉल' असं लिहिलेलं चित्र दिसेल, त्यावर दोनदा टिचकी मारा.

ड्रायव्हर: किती वाजले?

टेलर: दीड. वहिनी चारला येणार ना? अडीच तास आहेत. एवढ्या वेळात मी पॅंट कापून शिवून देतो.

ड्रायव्हर: तपासण्या लवकर आटोपल्या तर तीनलाही येईल. रक्त, छातीचा फोटो, आणखी काय काय. मी म्हटलं येतो बरोबर, तर म्हणाली, 'नको, तुम्ही आलात की तिथल्या वासानं तुम्हाला घेरी येते आणि मलाच तुमची नाडी बघत बसावं लागतं.' तिच्या वॉर्डातली जुनी मैत्रीण गेलीय सोबत.

टेलर: बरोबर बोलल्या. तू साध्या इंजेक्शनला डोळे मिटतोस.

ड्रायव्हर: सोमवारी ऑपरेशन आहे, मास्तर. आज शुक्रवार. तिला ते लिखाण सोमवारच्या आत पुरं करायचंय. तीन आठवड्यांपूर्वी लॅपटॉप बसला, तेव्हापासून रोज एकच. 'शेवटची थोडी पानं राहिलीत हो.' मी तिला शब्द दिलाय. आयुष्यात घरातली एक वस्तू मी दुरुस्त केलेली नाही. फ्यूज गेला तरी हीच स्टुलावर चढते. म्हटलं, हे एक तरी आपण करायचं.

टेलर: करतोयस ना. टिचकी मार.

ड्रायव्हर: मारली. भाषा विचारतोय.

टेलर: विचारतोय म्हणजे सभ्य आहे. पुढे.

ड्रायव्हर: आता म्हणतो, तुमचं नाव काय. आणि खाली... लॅपटॉपचं नाव काय. लॅपटॉपला कशाला नाव?

टेलर: जन्माला घालतोय ना आपण त्याला. ठेव काहीतरी.

ड्रायव्हर: 'लॅपटॉप' असं ठेवतो.

टेलर: म्हणजे मुलाचं नाव 'मुलगा'! बरं, ठेव. तुझ्या कल्पनेची धाव तेवढीच.

ड्रायव्हर: पासवर्ड मागतोय.

टेलर: वहिनींच्या लक्षात राहील असा दे.

ड्रायव्हर: तिच्या लक्षात सगळंच राहतं. माझ्या लक्षात राहील असा देतो. माझ्या शेवटच्या बसचा नंबर. ... झालं. आता हे बघ. हे काय आहे? लांबलचक आहे. 'इरेझ डिस्क'. म्हणजे पुसा.

टेलर: हां, सातवा मुद्दा. 'यानंतर लॅपटॉपमधलं जुनं सगळं पुसलं जाईल. ते परत मिळणार नाही. तुमच्या फायली दुसरीकडे ठेवल्याची खात्री करूनच पुढे जा.'

ड्रायव्हर: परत मिळणार नाही. म्हणजे याला रिव्हर्स नाही.

टेलर: कात्रीलाही नसतो. तू फाइल काढून ठेवलीस ना?

ड्रायव्हर: बुधवारी. माझ्या हातानं. आख्खा दिवस गेला. सकाळी लावला, तो चार वाजता उघडला, आणि तिचा तो फोल्डर पेन ड्राइव्हमध्ये जायला दिवे लागले. पण गेला. मी दोनदा उघडून बघितलं, आत फाइल होती.

टेलर: वाचली?

ड्रायव्हर: छे! फक्त नाव बघितलं.

टेलर: काय नाव होतं?

ड्रायव्हर: 'वॉर्ड नंबर शून्य'.

टेलर: शून्य नंबरचा वॉर्ड असतो?

ड्रायव्हर: मला काय ठाऊक? ती होती सिस्टर, मी नव्हतो. चौतीस वर्षं तिनं वॉर्ड सांभाळले. त्यांच्याच आठवणी लिहीत असेल. वर्षभर रोज दुपारी दार लावून बसायची. मी विचारलं की म्हणायची, 'झालं की देईन वाचायला.'

टेलर: आणि तू एकदाही डोकावला नाहीस? मी असतो तर पहिल्या आठवड्यात वाचून काढलं असतं. काय सांगावं, त्यात एखादा जुना डॉक्टर निघाला असता!

ड्रायव्हर: गप रे. तिचं आहे, तिनं दिल्याशिवाय कसं उघडायचं?

टेलर: बरं, मग पुसू?

ड्रायव्हर: थांब. पेन ड्राइव्हमध्ये आहे ना ती नक्की?

टेलर: तूच म्हणालास, दोनदा बघितलं.

ड्रायव्हर: बघितलं. हो. बघितलं मी.

टेलर: मग कशाला अडून बसलास? सिग्नल हिरवा आहे, मागून गाड्या बोंबलतायत.

ड्रायव्हर: हां. मार.

टेलर: तू मार. शब्द तू दिलायस.

ड्रायव्हर: ... मारलं.

टेलर: शाब्बास! बघ, पट्टी सरकायला लागली. वीस मिनिटं म्हणतोय.

ड्रायव्हर: मला तहान लागली. उगाचच.

टेलर: पाणी पी. मलाही दे.

ड्रायव्हर: ग्लास... ग्लास कुठे ठेवते ही? इथे तर डबे आहेत.

टेलर: स्वतःच्या घरात ग्लास सापडत नाही तुला? त्या जाळीत बघ, उपडे घातलेत.

ड्रायव्हर: हां, मिळाले. रोज हातात येतो रे, म्हणून शोधायची वेळ येत नाही.

टेलर: वहिनी दहा-बारा दिवस दवाखान्यात राहणार. काय करणार आहेस तू? जेवणाचं आमच्याकडे सांगून ठेवलंय, पण बाकीचं? दूध, कपडे, तुझ्या त्या गोळ्या?

ड्रायव्हर: तिनं सांगितलंय काहीतरी.

टेलर: काय सांगितलंय?

ड्रायव्हर: लक्षात नाही. ती सांगायला लागली की मला दुसरंच ऐकू येतं. तिनं 'गॅसचा नंबर' म्हटलं की मला वाटतं, ही हे का सांगतेय? मग मी बाल्कनीत जातो.

टेलर: अरे, हृदयाची झडप बदलायचं ऑपरेशन आता रोजचं झालंय. आमच्या गल्लीतले दोघं करून आले, आता जिने चढतात.

ड्रायव्हर: सगळे हेच सांगतात. सगळे एकदम हेच सांगायला लागले ना, की माझा जीव आणखीच खाली जातो.

टेलर: ... पट्टी अर्ध्यावर आली बघ.

ड्रायव्हर: ती काल म्हणाली, 'तुम्ही जरा बसा माझ्यासमोर, मला बोलायचंय.' मी म्हटलं, 'लॅपटॉप दुरुस्त करतोय, नंतर.' लॅपटॉप तेव्हा बंदच होता.

टेलर: बस की रे एकदा समोर. खाणार आहेत का वहिनी तुला?

ड्रायव्हर: हो, हो. आधी हे होऊ दे. चालू लॅपटॉप हातात देतो, मग बसतो. रिकाम्या हातानं बसवत नाही.

टेलर: आलं! झालं! 'पुन्हा चालू करा' म्हणतोय. 'पेन ड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.'

ड्रायव्हर: काढला. दाबलं. ... मास्तर! अरे, हा तर उघडलासुद्धा!

टेलर: किती वेळ लागला?

ड्रायव्हर: मी 'एक, दोन' करत होतो. तीसच्या आत! हा तोच लॅपटॉप आहे ना? आवाजसुद्धा नाही. पूर्वी घाटात चढल्यासारखा घरघरायचा. मास्तर, तुझ्या मुलीला साडी... नाही, काय आवडतं तिला? काहीतरी द्यायला पाहिजे. मी केलं रे हे! मी!

टेलर: आपण केलं.

ड्रायव्हर: आपण, आपण. हा घे पेन ड्राइव्ह. फाइल आत टाकून, उघडून ठेवतो. ती आली की खुर्चीत बसवायचं आणि काही बोलायचं नाही. लाव.

टेलर: लावला. चित्र आलं बघ. टिचकी मार.

ड्रायव्हर: मारली. हे काय आहे?

टेलर: काय आहे?

ड्रायव्हर: 'बूट' लिहिलंय. आणि 'ईएफआय'. कसलीकसली इंग्रजी नावं आहेत. तिचा फोल्डर कुठाय?

टेलर: खाली सरक.

ड्रायव्हर: सरकलो. संपलं. नाहीये.

टेलर: मी चुकून दुसरा पेन ड्राइव्ह लावला का?

ड्रायव्हर: दुसरा आहे कुठे? हाच एक आहे. हा निळा. ह्याच्यातच मी बुधवारी टाकली होती.

टेलर: हाच निळा. मी काल झेरॉक्सवाल्याकडे नेला तो. बरोबर. मग असायला पाहिजे.

ड्रायव्हर: नाहीये ना पण!

टेलर: ओरडू नकोस. लपली असेल. कपाटात रीळ नाही सापडत कधीकधी, तसं. या 'बूट'च्या आत बघ.

ड्रायव्हर: आत आणखी आत आहे. सगळं इंग्रजी. मास्तर, काल तो झेरॉक्सवाला नेमकं काय म्हणाला?

टेलर: काही नाही. मी कागद दाखवला, पेन ड्राइव्ह दिला, म्हटलं, यात ते लिनक्स भरून दे. त्याच्याकडे गर्दी होती. त्यानं विचारलं, 'आत काही आहे का?' मी म्हटलं, 'आहे थोडं, असू दे, जागा भरपूर आहे, शेजारी टाक.' तो 'बरं' म्हणाला की काय म्हणाला, मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही.

ड्रायव्हर: तुझ्या मुलीला फोन लाव.

टेलर: ती कामावर असेल.

ड्रायव्हर: लाव!

टेलर: लावतोय. ... हां, बाळा, मी बोलतोय. हो, झालं, मस्त उघडला. नाही, जेवलो नाही अजून. ऐक ना, त्या पेन ड्राइव्हमध्ये काकूंची फाइल दिसत नाहीये. ... हाच पेन ड्राइव्ह. ... म्हणजे एकच. ... कागदावर? थांब, बघतो. चष्मा... हो. दुसरा मुद्दा. 'दोन पेन ड्राइव्ह लागतील.' हो, वाचलं होतं मी ते. ... नाही, विसरलो नाही. अगं, त्याच्यावर बत्तीस लिहिलं होतं आणि काकूंच्या फाइलनं चिमूटभर जागा घेतली होती. दोन कशाला? एकात बसतंय की! ... पुसतं? आधी सगळं पुसतं आणि मग भरतं? ... मला कसं कळणार? तू लिहायचं ना... लिहिलंयस? कुठे? ... हो. आहे. तिसऱ्या मुद्द्याखाली, बारीक अक्षरात. ... आणि लॅपटॉपमधलं? ... तेही. हो, दाबलं आम्ही. एकत्रच दाबलं. ... बरं. बरं. ... महिना? आणि तेही तुकडे? ... नाही, काका इथेच आहेत. बसलेत. ... हो, सांगतो. ठेव.

ड्रायव्हर: काय म्हणाली?

टेलर: लिनक्स भरताना तो पेन ड्राइव्ह आधी धुवून घेतो. काल फाइल तिथनं गेली. आणि आज आपण...

ड्रायव्हर: आज मी लॅपटॉपमधनं पुसली.

टेलर: म्हणाली, आता त्याला हात लावू नका, बंद करून ठेवा. असली फाइल शोधून काढणारी माणसं असतात. महिनाभर लागेल. तुकडे मिळाले तर मिळतील. भरवसा नाही.

ड्रायव्हर: महिना.

टेलर: माझी चूक आहे. शंभर टक्के माझी. चाळीस वर्षं कापड वाचवत आलो रे. दोन मापं एका ताग्यात बसवायची, चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही. दोन लिहिलं की माझा हात एकावरच जातो.

ड्रायव्हर: मी म्हणालो होतो ना, थांब म्हणून!

टेलर: म्हणालास.

ड्रायव्हर: मला कसंतरीच वाटत होतं. ब्रेक लागत नसला की पायाला आधी कळतं, तसं. तरी दाबलं. वर्षभर लिहीत होती रे ती! आता मी काय सांगू?

टेलर: सांगूच नकोस. सोमवार होऊन जाऊ दे. म्हण, अजून चालू होत नाही. खोटं नाही फारसं. आत्ता बंदच करायचाय आपल्याला.

ड्रायव्हर: तिला खोटं सांगू? ती माझ्या मनगटाला हात न लावता नाडी ओळखते.

टेलर: मग मी सांगतो. म्हणतो, झेरॉक्सवाल्यानं...

ड्रायव्हर: त्या बिचाऱ्याला कशाला? मला काही सुचत नाहीये, मास्तर. मी चालू केला की मारला? समोर चालू दिसतोय. इतका छान चालतोय. मला कळतच नाही, आनंद व्हायला पाहिजे की काय.

टेलर: दार वाजलं.

ड्रायव्हर: अजून तीनच वाजलेत!

(सिस्टर आत येते. दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला आहे. ती चपला काढून थेट टेबलापाशी येते.)

सिस्टर: अगंबाई! उजेड दिसतोय! चालू झाला? अहो, खरंच चालू केलात तुम्ही?

ड्रायव्हर: तू लवकर आलीस. झाल्या तपासण्या?

सिस्टर: झाल्या. रक्त काढणाऱ्या मुलीला शीर सापडेना, मग मीच सांगितलं कुठे टोचायचं. ते जाऊ द्या. हा आवाज का करत नाहीये? किती स्वच्छ दिसतोय! भावजी, तुम्ही पण लागला होतात का याच्या मागे?

टेलर: मी म्हणजे, कागद वाचत होतो, वहिनी. निम्मा.

सिस्टर: बाजूला व्हा बघू. दोन तास मिळाले तरी माझं आज संपेल. कुठे ठेवलीत माझी फाइल?

ड्रायव्हर: बस तू आधी. पाणी देऊ?

सिस्टर: पाणी देऊ? तुम्ही? काय झालंय?

ड्रायव्हर: काही नाही.

सिस्टर: कान लाल झालेत तुमचे. भावजी, काय झालंय?

टेलर: वहिनी, गेली फाइल. पेन ड्राइव्हमधनं माझ्यामुळे गेली आणि लॅपटॉपमधनं... तीही माझ्यामुळेच म्हणा. मुलीनं दोन आणा म्हणून लिहिलं होतं, मी एकातच बसवलं. तुकडे मिळतील म्हणते, महिन्यानं. मला चपलेनं मारा.

ड्रायव्हर: बटण मी दाबलं. त्याचं ऐकू नकोस. मी दाबलं.

टेलर: वहिनी, रागवा तरी.

सिस्टर: थांबा जरा. मला नीट कळू द्या. सगळी गेली?

ड्रायव्हर: सगळी.

सिस्टर: एकशे त्रेचाळीस पानं होती.

ड्रायव्हर: मला मारून टाक, पण असं हळू बोलू नकोस.

सिस्टर: वाचली होतीत तुम्ही? पुसण्याआधी?

ड्रायव्हर: नाही! तुझी शपथ, नाही. नावाच्या पलीकडे बघितलं नाही.

सिस्टर: एक पानही नाही?

ड्रायव्हर: तुझं होतं ते. मी कसं वाचणार?

सिस्टर: माझं नव्हतं हो. तुमचं होतं.

ड्रायव्हर: म्हणजे?

सिस्टर: तुमच्यासाठी लिहीत होते. वॉर्ड नंबर शून्य म्हणजे हे घर. इथला पेशंट एकच.

ड्रायव्हर: मला समजत नाहीये तू काय बोलतेस. वॉर्डाच्या आठवणी होत्या ना त्या?

सिस्टर: आठवणी कुणाला हव्यात? ड्यूटी संपली की आम्ही हँडओव्हर द्यायचो. पुढच्या सिस्टरला सगळं लिहून द्यायचं. कुठल्या कॉटवर कोण, रात्री कुणाला दम लागला, कुणाला गोळी चुरून द्यावी लागते, कोण औषध उशीखाली लपवतो. तोंडी सांगून पळायचं नाही. चौतीस वर्षांत एकदाही लिहून दिल्याशिवाय मी वॉर्ड सोडला नाही. मग हा सोडायची वेळ आली तर न लिहिता कशी सोडू?

ड्रायव्हर: कोण सोडतंय?

सिस्टर: अहो...

ड्रायव्हर: नाही, कोण सोडतंय? दहा-बारा दिवसांत घरी पाठवतो म्हणालेत डॉक्टर. सगळे हेच म्हणतात. याच्या गल्लीतले दोघं जिने चढतात!

टेलर: चढतात, वहिनी. धावत चढतात.

सिस्टर: मीही चढेन. आले तर फाइल पुसून टाकायची. नाही आले, तर तुम्हाला बीपीची गोळी कुठली आणि पित्ताची कुठली, ते कोण सांगणार? दोन्ही पांढऱ्याच आहेत.

ड्रायव्हर: म्हणजे वर्षभर तू दार लावून, मी एकटा कसा राहीन ते लिहीत होतीस? शेजारच्या खोलीत मी बातम्या बघत होतो आणि तू हे लिहीत होतीस?

सिस्टर: तुम्ही समोर बसत नव्हतात ना. काही सांगायला गेलं की बाल्कनीत. म्हणून लिहिलं.

ड्रायव्हर: मला भीती वाटते गं.

सिस्टर: मलाही वाटते.

ड्रायव्हर: तुला?

सिस्टर: मग? मी काय दगडाची आहे? किती छात्या उघडलेल्या बघितल्यात मी. तुम्हाला निदान ठाऊक तरी नाही आत काय करतात ते.

टेलर: मी निघतो. एका कोटाच्या बाह्या लावायच्यात. वहिनी, रविवारी सकाळी दोघांचा डबा घेऊन येईन. आणि लॅपटॉप तेवढा बंद करून ठेवा. मुलगी म्हणाली, हात लावला तर उरलेले तुकडेही जातील.

सिस्टर: भावजी, तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. आणि तुमच्यावर मी रागावलेय, पण आज वेळ नाही, पुढच्या महिन्यात बघू.

टेलर: पुढच्या महिन्यात दोन शिव्या जास्त द्या. येतो.

ड्रायव्हर: बंद करू ना मी? हात नको लावायला.

सिस्टर: राहू दे चालू.

ड्रायव्हर: अगं, पण ते तुकडे...

सिस्टर: तुकडे महिन्यानं येणार. मला सोमवारी सकाळी सातला जायचंय. हँडओव्हर ड्यूटी संपण्याआधी द्यायचा असतो. खुर्ची ओढा.

ड्रायव्हर: बस तू. मी उशी आणतो पाठीला.

सिस्टर: मी नाही, तुम्ही बसा. माझा हा हात ठणकतोय, त्या पोरीनं चार ठिकाणी टोचलंय. मी सांगते, तुम्ही टाइप करा.

ड्रायव्हर: मला येत नाही टाइप करायला.

सिस्टर: एवढा अख्खा लॅपटॉप नव्यानं भरलात ना? एका बोटानं करा.

ड्रायव्हर: एकशे त्रेचाळीस पानं एका बोटानं? सोमवारपर्यंत?

सिस्टर: निम्म्या पानांत तर मी तुम्हाला रागावलेच होते. ती गेली ते बरं झालं. कामाचं तेवढं घेऊ. बसलात? माझ्याकडे बघा. बाल्कनीकडे नाही.

ड्रायव्हर: बसलो.

सिस्टर: लिहा. गोळ्या. सकाळची पांढरी, मधे रेघ आहे ती, बीपीची.

ड्रायव्हर: 'स' कुठाय यात? ... हां. स... का... ळ... ची. रेघवाली. मला वाटायचं, ती पित्ताची.

सिस्टर: म्हणजे मी नव्हते तेव्हा तुम्ही सकाळी कुठली घेत होतात?

ड्रायव्हर: पुढे सांग.

सिस्टर: देवा! बरं. रात्रीची बिनरेघेची. जेवणानंतर. आधी नाही.

ड्रायव्हर: 'आधी नाही'. झालं. पुढे?

सिस्टर: पुढे रात्र. मला उजवीकडे झोपायची सवय आहे. तुम्ही झोपेत त्या बाजूला हात टाकता. तिथे तक्क्या ठेवा, नाहीतर दचकून उठाल.

ड्रायव्हर: हे पण होतं त्यात?

सिस्टर: एकशे दहाव्या पानावर. लिहा.

ड्रायव्हर: हे नको.

सिस्टर: बरं, राहू दे. सोपं घेऊ. सकाळचा चहा. पाणी एक कप.

ड्रायव्हर: पा... णी... दोन कप.

सिस्टर: एक म्हटलं मी.

ड्रायव्हर: दोन टाइप झालं.

सिस्टर: मग खोडा.

ड्रायव्हर: खोडायचं कसं, ते मला येत नाही.